पाठ केलेला तक्ता

गेल्या जूनमध्ये शेजारच्या वहिनी त्यांच्या मुलीला घेऊन घरी आल्या. मुलीची बारावी झालेली, सायन्स, नीटचे मार्क जेमतेम. चहा टेकवायच्या आतच वहिनींनी विचारलं, "तुम्ही ते डोळ्यांचं केलंय ना, ते हिला जमेल का?" मुलगी गप्प होती. निघताना चपला घालता घालता तिने हळूच विचारलं, "ताई, पण तुम्ही हेच का घेतलंत?"

वहिनींचं उत्तर मी तिथल्या तिथे दिलं. बी.ऑप्टोम., म्हणजे ऑप्टोमेट्रीची, डोळे तपासायच्या शास्त्राची पदवी. माझ्या वेळी ती चार वर्षांची होती, शेवटचं वर्ष इंटर्नशिपचं. डोळ्यांचा नंबर काढायचा, डोळे आतून-बाहेरून तपासायचे, कॉन्टॅक्ट लेन्स बसवायच्या, तिरळेपणा आणि लहान मुलांचे डोळे बघायचे, आजार दिसला तर वेळेत नेत्रतज्ज्ञांकडे पाठवायचं. ऑपरेशन आपण करत नाही. त्यांनी मान डोलावली. मुलीला म्हटलं, तुला सावकाश सांगते. ते सावकाश सांगणं राहूनच गेलं, आणि प्रश्न मात्र डोक्यातून जाईना.

मी हे ठरवून घेतलं नाही, हे आधी सांगायला हवं. आम्ही कोपरखैरण्याच्या माथाडी वसाहतीतले. आप्पा कांदा-बटाटा मार्केटात माथाडी हमालांच्या टोळीत होते, घरात देवांच्या शेजारी माथाडींचे नेते अण्णासाहेब पाटलांचा फोटो. २००६ साली माझी बारावी झाली तेव्हा आईला मी डॉक्टर व्हावं असं वाटत होतं, आणि माझे मार्क तिथवर पोचत नव्हते. वर्गातल्या एका मैत्रिणीने जुहूच्या कॉलेजचा फॉर्म आणला होता, तिच्याबरोबर मीही भरला. पतपेढीचं कर्ज काढून आप्पांनी पहिल्या वर्षाची फी भरली. ट्रान्स हार्बर लोकल सुरू होऊन तेव्हा दोनच वर्षं झाली होती. कोपरखैरण्याहून ठाणे, ठाण्याहून दादर, मग वेस्टर्नने पार्ले, पुढे बस. रोज जाऊन-येऊन चार तास. त्या चार तासांत मी स्वतःला कितीतरी वेळा विचारलं असेल, की आपण हे का करतोय. तेव्हा माझ्याकडे उत्तर नव्हतं.

पहिल्या वर्षी मला डोळ्यापेक्षा भिंग जास्त आवडलं. भिंतीवरचा तो तक्ता, ज्याच्यासमोर आपण सगळेच कधी ना कधी उभे राहिलो आहोत, तो १८६२ साली हॉलंडमधल्या उट्रेख्ट गावच्या हर्मन स्नेलेन नावाच्या डॉक्टरने केला. त्यातलं प्रत्येक अक्षर हिशेबाने काढलेलं असतं. सहा मीटरवरून जे अक्षर निकोप डोळ्याला वाचता यावं त्याची उंची पावणेनऊ मिलिमीटर, म्हणजे साधारण एका चवळीच्या दाण्याएवढी. सगळ्यात वरचं अक्षर त्याच्या दहापट. '६/६०' याचा अर्थ एवढाच, की जे दुसऱ्याला साठ मीटरवरून वाचता येतं ते या माणसाला सहा मीटरवर आल्याशिवाय दिसत नाही. हे ज्या दिवशी समजलं त्या दिवशी ठाण्याला नऊ नंबर प्लॅटफॉर्मवर उभी राहून मी समोरच्या पाटीवरची अक्षरं बोटाने मोजत बसले होते.

पण भिंगं आवडणं वेगळं आणि त्यात आयुष्य घालवावंसं वाटणं वेगळं. ते दुसऱ्या वर्षी झालं.

दुसऱ्या वर्षी हातात रेटिनोस्कोप येतो. टॉर्चएवढंच उपकरण, त्यातून उजेडाची एक उभी पट्टी निघते. अंधाऱ्या खोलीत समोरच्याच्या डोळ्यात ती पट्टी टाकायची आणि बाहुलीत उमटणारा केशरी उजेड बघायचा. पट्टी इकडून तिकडे हलवली की आतला उजेडही हलतो. पट्टीच्या दिशेने हलला तर अधिकची भिंगं लावत जायची, उलट हलला तर उण्याची. एका भिंगाला तो उजेड हलायचा थांबतो आणि सगळी बाहुली एकदम भरून जाते. तिथे नंबर सापडतो. समोरच्याला एक अक्षरही वाचावं लागत नाही. म्हणून तर बोलता न येणाऱ्या बाळाचा, ऐकू न येणाऱ्या माणसाचा, भाषा न कळणाऱ्याचा नंबर या एका पट्टीवर निघतो.

आम्ही मुली महिनाभर एकमेकींचेच डोळे बघत होतो. सर म्हणाले, "तुम्हाला आता एकमेकींचे नंबर पाठ झालेत. घरून कोणाला तरी आणा." मी दादाला घेऊन गेले.

दादा माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठा. तेव्हा तो पोलीस भरतीची तयारी करत होता, पहाटे उठून पळायला जायचा. धडधाकट माणूस. त्याच्या डोळ्यांत काही असेल असं कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. भिंगं बदलून बघायची ट्रायल फ्रेम नाकावर चढवून तो खुर्चीत बसला आणि मी उजव्या डोळ्यापासून सुरुवात केली. लख्ख, चपळ उजेड. जवळजवळ शून्य नंबर. मग डावा. डाव्यात मला आधी काही दिसेचना. वाटलं, माझा कोन चुकला, किंवा तो भलतीकडे बघतोय. पुन्हा बघितलं. उजेड होता, पण राख धरलेल्या निखाऱ्यासारखा, आणि पट्टी हलवली की तो जडपणे, ओढल्यासारखा मागून यायचा. मंद आणि सावकाश, म्हणजे नंबर मोठा, हे पुस्तकात वाचलं होतं. मी दोनचं भिंग लावलं. फरक नाही. तीन, चार, पाच. साडेसहाला ती बाहुली भरली. आपण बसतो त्या अंतरापोटी दीड वजा करायचा असतो. अधिक पाच.

मी सरांना बोलावलं. त्यांनी बघितलं, काही बोलले नाहीत, अधिक पाचचं भिंग तसंच ठेवून उजवा डोळा झाकला आणि दादाला समोरचा तक्ता वाचायला सांगितला. वरून दुसऱ्या ओळीवर तो थांबला. ६/३६. भिंग बरोबर होतं, डोळा आतून निरोगी होता, पण त्यापलीकडे त्याला जाता येत नव्हतं.

"डावा असाच असतो ना?" दादा मला म्हणाला. "आपण उजव्या हाताने लिहितो, तसं उजव्या डोळ्याने बघतो."

बावीस वर्षांचा माणूस हे म्हणत होता, आणि अगदी मनापासून म्हणत होता. त्याला एकच डोळा कामाचा होता आणि जगातल्या प्रत्येकाचं असंच असतं असं तो धरून चालला होता. दुसरं काही दिसल्याची आठवणच नसेल तर माणूस तुलना कशाशी करणार?

लोक याला आळशी डोळा म्हणतात. हा शब्द मला आवडत नाही, कारण डोळा बिचारा काही आळस करत नाही. लहानपणी एका डोळ्याचा नंबर खूप जास्त असेल तर त्यातून मेंदूकडे जाणारं चित्र कायम धूसर जातं. मेंदू ते चित्र बाजूला टाकायला शिकतो. ज्या वयात मेंदूची दिसण्याची जोडणी पक्की होत असते त्याच वयात एका डोळ्याची वाट अशी बंद पडत जाते. पुढे कितीही अचूक चष्मा दिला तरी चित्र घेणारं तिकडे कोणी नसतं. डेव्हिड ह्यूबेल आणि टॉर्स्टन वीझेल या दोघांनी मांजरीच्या पिल्लांचा एक डोळा काही आठवडे बंद ठेवून हे दाखवून दिलं होतं. दिसण्यामागचं मेंदूचं काम उलगडल्याबद्दल त्यांना १९८१ साली नोबेल मिळालं. तिसऱ्या वर्षी लायब्ररीत ते वाचताना मला पिल्लं दिसत नव्हती. आमच्या वसाहतीतलं मैदान दिसत होतं, आणि हातात आलेला झेल सोडणारा दादा. चहा ओतताना त्याचा नेम चुकायचा आणि आई म्हणायची, "किती रे धांदरट!" दोन डोळ्यांची चित्रं जुळल्यावर जी खोली कळते, ती त्याला कधी कळलीच नव्हती.

त्या दिवशी परतीच्या गाडीत मी त्याला विचारलं, शाळेत कधी डोळे तपासले नव्हते का. तपासले होते. चौथीत. व्हरांड्यात तक्ता लावला होता, मुलं रांगेत. "पुढच्या पोरांचं ऐकून ऐकून माझं सगळं पाठ झालं होतं," तो म्हणाला. "आणि डोळा आपल्याच हाताने झाकायचा होता." पाठांतर त्याचं पहिल्यापासून चांगलं. त्याला ती परीक्षा वाटली होती. परीक्षेत नापास होऊ नये म्हणून त्याने तयारी केली आणि तो पास झाला. कार्डावर दोन्ही डोळ्यांपुढे ६/६ लिहून मिळालं. आईने ते कार्ड बरीच वर्षं जपून ठेवलं होतं.

तेव्हा, नवव्या वर्षी कळलं असतं तर? चष्मा आणि चांगल्या डोळ्यावर रोज काही तास पट्टी, एवढाच इलाज. औषध नाही, ऑपरेशन नाही. सात-आठ वर्षांच्या आत सुरू झालं तर सगळ्यात चांगलं, त्यानंतरही बऱ्याच मुलांना काही ओळी परत मिळतात. बाविसाव्या वर्षी आमच्या हातात फारसं काही उरलं नव्हतं.

दादाने भरती दिली. मैदान निघालं, लेखी निघाली, मेडिकलला थांबला. मी त्याला आधी सांगितलं होतं, तरी तो गेला. आल्यावर दोन दिवस तो काही बोलला नाही. तिसऱ्या दिवशी गॅलरीत उभा असताना म्हणाला, "तू सांगितलं नसतंस, तर निदान तिथवर मजेत पळालो असतो."

मला अजूनही या वाक्याचं उत्तर सापडलेलं नाही. पण 'हेच का घेतलंत' याचं माझं उत्तर त्या गॅलरीत आहे. त्याला मी सांगायला हवं होतं, हे खरंच. फक्त तेरा वर्षं आधी, आणि मी नव्हे, त्या व्हरांड्यात उभं असलेल्या कुणीतरी.

आज दादा मार्केटात मापाडी आहे. त्याच्या चष्म्याला नावापुरता नंबर आहे, तरी काचा मी पॉलिकार्बोनेटच्या बसवायला लावल्या आहेत. त्या सहसा फुटत नाहीत. उजवा एकच आहे, आणि तिथे दिवसभर गोणपाट, सुतळ्या, हुक यांच्यात वावरायचं असतं. चष्मा काढून ठेवलेला दिसला की मी ओरडते. तो मुकाट्याने घालतो.

डोळ्यांच्या बाबतीत माणूस तक्रार करेल, मग आपण बघू, असं धरून चालता येत नाही, हे मी तेव्हापासून धरून आहे. दात दुखतो, पोट दुखतं. नजर दुखत नाही. काचबिंदूचंच बघा. आप्पांच्या टोळीतले एक काका, पन्नाशीचे, आमच्या शिबिरात चाळिशीचा नंबर काढायला आले होते. (आपल्या भाषेत वयाला आणि त्या वयाच्या चष्म्याला एकच शब्द आहे, मला याचं फार बरं वाटतं. चाळिशी लागली म्हटलं की कुणालाही आजारी पडल्यासारखं वाटत नाही.) काकांनी दोन्ही डोळ्यांनी शेवटची ओळ घडाघडा वाचली. बोलता बोलता म्हणाले, हल्ली डोक्यावर गोणी असली की गाळ्याच्या चौकटीला खांदा लागतो, वय झालं. मी डोळ्यांचा दाब मोजला. एकवीसपर्यंत साधारण चालतो, त्यांचा चौतीस भरला. आत बघितलं तर डोळ्याच्या नसेचं टोक वाटीसारखं खोल गेलेलं. समोरचं स्वच्छ दिसत होतं आणि कडेचं जग कितीतरी दिवसांपासून विझत चाललं होतं. गेलेलं परत येत नाही. त्याच आठवड्यात नेत्रतज्ज्ञांकडे थेंब सुरू झाले, म्हणून उरलेलं टिकलं आहे. तपासायची चिठ्ठी माझी, इलाज डॉक्टरांचा. लोक विचारतात, "मग तुम्ही तात्याराव लहानेंसारखी ऑपरेशनं का नाही करत?" मी सांगते, त्यांच्या टेबलापर्यंत माणूस वेळेत पोचायला आधी कुणीतरी त्याला बघावं लागतं.

या मुलीला मला कडू भागही सांगायचा आहे, कारण तो मला कोणी सांगितला नव्हता.

२०१० साली माझी पहिली नोकरी ठाण्याला नौपाड्यात, एका चष्म्याच्या दुकानात. पगार नऊ हजार. नोकरीत पैसा कमी होता याचं मला फार वाईट वाटलं नाही, घाईचं वाटलं. एका गिऱ्हाइकाला पाच मिनिटं, मशीनने जो नंबर दिला तो लिहायचा, फ्रेम दाखवायला सुरुवात करायची. रेटिनोस्कोप काढला की मालक घड्याळ बघायचे. एकदा दहा वर्षांचा एक मुलगा आला. मशीन म्हणालं, उणे दीड. लहान मुलं मशीनच्या आत बघताना डोळा जोरात आवळतात आणि नसलेला उणे नंबर येतो, म्हणून त्यांना थेंब टाकून डोळा सैल करूनच बघायचं असतं. मी आईला म्हटलं, आज चष्मा करू नका, डोळ्यांच्या डॉक्टरांकडून थेंब टाकून घ्या, मग या. चार दिवसांनी ते परत आले, थेंब टाकल्यावर नंबर शून्य निघाला होता. त्या आईने माझे हात धरले. मालकांनी मात्र एक गिऱ्हाईक घालवल्याबद्दल मला सगळ्यांसमोर बोल लावले. आठ महिन्यांनी मी ती नोकरी सोडली.

फ्रेम विकण्यात वाईट काही नाही. नाकावर नीट न बसणारा चष्मा मूल घालत नाही, त्यामुळे फ्रेम निवडून देणं हाही उपचारच आहे. पण नंबर विकायचा नसतो, काढायचा असतो. त्याला वेळ लागतो. "हे बरं की हे?" असं विचारून थांबायचं असतं. समोरचा माणूस गोंधळतो, त्याला वाटतं आपण चुकीचं उत्तर देतोय, पुन्हा ती परीक्षेची भीती. त्याला सांगावं लागतं की दोन्ही सारखे दिसले तरी चालतं, तेही उत्तरच आहे.

मान मिळायलाही वेळ लागतो. नेत्रतज्ज्ञ आणि चष्म्याचा दुकानदार यांच्या मधे कुणी असतं हेच लोकांना ठाऊक नाही. मराठीत या कामाला लोकांच्या तोंडी रुळलेलं नाव नाही, आमच्या वसाहतीत मी अजूनही 'नंबरवाली ताई'. या सगळ्या आरोग्य व्यवसायांसाठी संसदेने २०२१ साली राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला, त्यात ऑप्टोमेट्रिस्ट शब्द आला. तो वाचला त्या दिवशी मी ते पान आप्पांना दाखवलं. १९६९ सालच्या माथाडी कायद्याने त्यांच्या कामाला नाव दिलं होतं, त्यामुळे त्यांना यात काय आहे ते समजावून सांगावं लागलं नाही.

काम तर वाढतच आहे. ऐरोली-घणसोलीच्या टॉवरांतली दुसरी-तिसरीतली मुलं उणे दोन, उणे तीन घेऊन येतात. २०१६ साली एका अभ्यासाने अंदाज केला होता की २०५० पर्यंत जगातल्या निम्म्या माणसांना लांबचं दिसायला चष्मा लागेल. मुलं रोज दोन तास उघड्यावर, उन्हात खेळली तर हा नंबर लागायचं प्रमाण कमी होतं. मी चिठ्ठीवर औषधासारखं लिहून देते: संध्याकाळी नव्हे, उजेड असताना, दोन तास, खाली.

हे सगळं मी त्या मुलीला सांगितलं का? नाही. जुलैमध्ये ती पुन्हा भेटली तेव्हा म्हटलं, शनिवारी तुर्भ्याला एका शाळेत तपासणी आहे, ये माझ्याबरोबर, तक्ता धरायला कोणी तरी लागतंच.

शाळेतल्या तपासणीचे माझे काही नियम आहेत. तक्ते दोन ठेवते आणि मधेच बदलते. अक्षरांऐवजी तीन दांड्यांचा ई असलेला तक्ता वापरते, मुलांनी फक्त दांडे कुठे बघतात ते हाताने दाखवायचं. डोळा मी झाकते, मुलाला झाकायला देत नाही. रांग दाराबाहेर, तक्त्याकडे पाठ. आणि सुरुवातीला सगळ्या वर्गाला सांगते की ही परीक्षा नाही, यात कोणी नापास होत नाही.

त्या शनिवारी पाऊस होता, व्हरांड्यात गळत होतं, म्हणून रांग आत घ्यावी लागली. पहिलीची पोरं, सगळी ओली, एकमेकांना ढकलत. ही पोरगी तक्ता धरून उभी होती. पहिल्या अर्ध्या तासात आम्ही वीसेक मुलं तपासली असतील. मी एका मुलीचा डोळा झाकून दांडे विचारत होते, तेवढ्यात तिने तक्ता छातीशी धरला आणि वाकून माझ्या कानाशी आली.

"ताई," ती म्हणाली, "तो निळ्या दप्तरवाला आहे ना, रांगेतला चौथा, तो केव्हाचा हात वर-खाली करतोय. वर, उजवीकडे, खाली, खाली. तो पाठ करतोय."

मी पिशवीतून दुसरा तक्ता काढून तिच्या हातात दिला.